बाबा, क्लच!

ऐरोलीच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं वगळून मजकूर थोडक्यात देते.

वय ५४. ठाण्यातल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात, चार वर्षांनी निवृत्त होतील. तीस वर्षं लोकलने ये-जा झाली, दुचाकी चालवायची वेळच आली नाही. निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन संगमेश्वर तालुक्यातल्या गावी राहायचं ठरवलंय. हायवेच्या फाट्यापासून वाडी चार किलोमीटर आत, एसटी दिवसातून दोन वेळा. थोरल्या भावाची २००९ सालची मोटारसायकल तिथे पडवीत उभी आहे. म्हणून यंदा लर्निंग लायसन्स काढलं आणि घणसोलीकडच्या एका मैदानावर दर रविवारी भरणाऱ्या क्लासला नाव घातलं. २२ वर्षांची मुलगीही बरोबर आली. ती मैत्रिणीची स्कूटर चालवते, तिला गिअरची गाडी शिकायची होती.

पहिल्या रविवारी मुलगी दोन तासांत मैदानात मांडलेल्या शंकूंमधून, म्हणजे कोनांमधून, गाडी काढायला लागली. यांच्या हातून गाडी दोनदा पडली. एकदा हळू वळताना जागच्या जागी कलली, आणि एकदा अशी उसळली की थेट कोनावर गेली. मुलगी लांबून ओरडत होती, "बाबा, क्लच! क्लच!" बाकीची पोरं हसली. शेवटी शिकवणारा म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी तुम्ही परत पहिल्यापासून करा, या बॅचबरोबर पुढे नको." पुढच्या रविवारी हे घरी 'ऑफिसात ऑडिट आहे' असं सांगून निघाले, ऐरोलीला पनवेल गाडी पकडली, पनवेलला वडापाव खाल्ला आणि परत आले. नडगीवरचं काळंनिळं बायकोला अजून दाखवलेलं नाही. त्या पडण्याचा व्हिडिओ मुलीच्या फोनमध्ये आहे, तो यांना बघवत नाही.

त्यांचा प्रश्न असा: "या वयात हे सोडून द्यावं का? मुलगी म्हणते, मी शिकवते. ऑफिसातले म्हणतात, बिनगिअरची स्कूटर घ्या आणि मोकळे व्हा. पण गावात पुरुष माणूस स्कूटरवर बरा दिसत नाही. आणि रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी यायलाच हवी."

नमस्कार.

पत्रातला पनवेलचा वडापाव मला फार आवडला. मैदानात फजिती झालेला माणूस पुढच्या रविवारी जाऊन बसतो कुठे, तर लोकलमध्ये. कुठला डबा कुठे थांबतो, कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येणार, हे सगळं तुम्हाला झोपेतही सांगता येत असेल. पन्नाशीनंतर आपल्याला रोज लागणारं बहुतेक सगळं येत असतं आणि जे येत नाही ते आपण बेमालूम टाळायला शिकलेलो असतो. त्यामुळे परत पहिलीच्या बाकावर बसवलं की जीव नकोसा होतो. माझंही झालंय, सांगते पुढे.

आधी त्या दोन पडण्यांचा हिशेब लावू. तुम्ही अकाउंट्सचे माणूस, तरी दोन्ही नोंदी 'वय' या एकाच खात्यावर टाकून मोकळे झालात. माझ्या मते त्या दोन वेगळ्या खात्यांवरच्या आहेत आणि वयाचं खातं त्यात फारसं येतच नाही.

पहिली नोंद. गाडी माणूस चालतो त्या वेगाने चालली होती, हँडल वळलेलं होतं आणि तुम्ही घाबरून उजव्या हाताने ब्रेक दाबलात. हे तुम्ही असं सलग लिहिलेलं नाही, पण 'वळताना ब्रेक मारला आणि गाडी अंगावरच आली' हे वाक्य तुमचंच आहे. हळू चाललेल्या गाडीचं पुढचं चाक वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरला की गाडी पुढे जायची थांबते आणि सगळा भार वळलेल्या बाजूला खचतो. स्प्लेंडरसारखी हलकी म्हणतात ती गाडीसुद्धा ११२ किलोच्या आसपास भरते. ती एका मर्यादेपलीकडे कलली की तालमीतल्या पोरालाही सावरत नाही, तुमच्या-माझ्या पायाचं काय घेऊन बसलात. यावर उपाय ताकदीचा नाहीच. मैदानात हळू वळताना उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या दांडीवरून काढून मुठीभोवती ठेवा, वेग हाफ क्लचने, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, सांभाळा आणि थांबवायचीच झाली तर उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच लावा. यावरून पुढचा ब्रेक वाईट असं मात्र मनात घेऊ नका. सरळ धावणारी गाडी थांबवताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मोठं काम तोच करतो. पुढचा ब्रेक कधीच न वापरणारे लोक गावोगाव भेटतात, त्यांचं ऐकू नका.

दुसरी नोंद उसळीची. क्लच झटक्यात सुटला, गाडीने हिसका दिला, तुमचं अंग मागे गेलं. अंग मागे गेलं की हात हँडल घट्ट धरतो, उजवं मनगट खाली ओढलं जातं आणि रेसची मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे थांबायची इच्छा असलेला माणूस जास्त रेस देतो, गाडी आणखी पळते, तो आणखी घट्ट धरतो. पंचविशीतली पोरंही अशीच जाऊन आदळतात. म्हणून मूठ बंद असताना मनगट आधीच थोडं खाली ठेवून धरायची सवय लावा, म्हणजे हिसका बसला तरी पिळायला जागाच उरत नाही. आणि तुमची मुलगी ओरडत होती ते अगदी बरोबर होतं. डाव्या हाताने क्लच आत ओढला की इंजिन कितीही ओरडो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. मग ब्रेक. फक्त हे त्या क्षणी आठवून करायचं काम नाही, ते हाताला आधीच माहीत असावं लागतं. त्याची तालीम घरच्या घरी होते. कोणाची तरी गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, चावी खिशात. तुम्ही वर बसा आणि मुलीला अधूनमधून, तुम्हाला कल्पना न देता, "थांबा" म्हणायला सांगा. डावा हात आत, मूठ बंद, दोन्ही ब्रेक. रोज पन्नासदा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी बघतील, तर बघू देत.

आता गाडी कोनावरच का गेली? मैदान एवढं मोकळं असताना? कारण तुम्ही कोनाकडे बघत होतात. दुचाकी नजरेच्या मागे जाते, हे कोणताही शिकवणारा पहिल्या दिवशी सांगतो आणि पहिल्या दिवशी कोणालाच ते पटत नाही. तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. तुम्ही प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरता का? वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा? त्या चष्म्यातून मान न हलवता जमिनीकडे पाहिलं की आपण जवळच्या नंबरमधून बघतो आणि चार-पाच हात पुढची जमीन धूसर होते. स्वच्छ दिसत नाही म्हणून माणूस आणखी निरखून बघतो, आणि जिकडे निरखून बघतो तिकडेच गाडी जाते. जिने उतरताना तुम्हाला हा अनुभव आला असेलच. हनुवटी वर ठेवून जिथे जायचंय तिथे, दहा-पंधरा पावलं पुढे बघा. जमत नसेल तर चष्म्याच्या दुकानात जाऊन नुसत्या लांबच्या नंबरचा स्वस्तातला चष्मा करून घ्या, तो क्लासपुरता. पन्नाशीतल्या शिकाऊ मंडळींना हे कोणी सांगत नाही, कारण शिकवणारा बहुधा तिशीचा असतो.

मुलीची गोष्ट. ती 'दोन तासांत शिकली' असं तुम्ही लिहिता आणि दोनच ओळी आधी ती मैत्रिणीची स्कूटर चालवते असंही लिहिता. म्हणजे तोल, वळण, गर्दीत वेग ओळखणं, मागून येणाऱ्याचा अंदाज हे सगळं तिच्याकडे आधीच होतं. तिने दोन तासांत क्लच आणि गिअर तेवढे शिकून घेतले. तुम्ही शेवटची सायकल कधी चालवली होतीत? दहावीत? मग तुमची आणि तिची शर्यत लागलीच कुठे? आधी आठ-दहा दिवस कोणाची तरी सायकल मागून घ्या आणि पहाटे सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर फिरवा. सायकलवर बसलेला काका कोणाच्या डोळ्यात येत नाही, सगळ्यांना वाटतं डॉक्टरांनी सांगितलं असेल.

आणि मुलीलाही एक सावधगिरी सांगा, ती तुम्हाला उपयोगी पडेल तितकीच तिला. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, मोटारसायकलवर त्याच जागी क्लच. मी पंधरा वर्षं ठाण्यात स्कूटर चालवून चाळिशीनंतर गिअरची गाडी शिकायला गेले. मला वाटलं होतं, तीन हात नाका पार करणाऱ्या बाईला हे लोक काय शिकवणार. तिसऱ्या फेरीला समोर कुत्रं आलं. डावा हात सवयीने 'ब्रेक' दाबून मोकळा झाला आणि गाडी इंजिनापासून सुटून, अगदी शांतपणे, एकही आवाज न करता थेट मैदानाच्या कडेच्या घाणेरीच्या झुडपात गेली. कुत्रं बाजूला उभं राहून बघत होतं. मलाही परत पहिल्यापासून करायला लावलं होतं. मी मात्र लोकल पकडली नाही, रडत घरी गेले.

म्हणून 'परत पहिल्यापासून' हा निकाल तुम्ही ज्या अर्थाने घेतलात त्या अर्थाने मी घेत नाही. तुमच्या पत्रावरून शिकवणाऱ्याने वेगळे पैसे मागितलेले दिसत नाहीत, चारचौघांत टोमणा मारलेला दिसत नाही. हाफ क्लच न बसलेल्या माणसाला दुसऱ्या गिअरमध्ये ढकलायला त्याने नकार दिला. तो पैसे घेऊन सगळ्यांनाच 'छान, छान' म्हणत पुढे सरकवू शकला असता. या रविवारी त्याच्याकडेच परत जा. जाताना एक फोन करून विचारा, पहिला अर्धा तास इंजिन बंद ठेवून नुसती गाडी ढकलत, वळवत, स्टँडवर लावत काढता येईल का. गाडीचं वजन अंगाला कळलं की अर्धी भीती तिथेच जिरते. पडलेली गाडी उचलायलाही तिथेच शिकून घ्या: आधी इंजिन बंद, गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे जाऊन आडवी होत नाही. मग सीटला पाठ लावून, गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर मागे-मागे सरकत उभी करायची. कमरेतून वाकून उचलायला जाल तर गाडीबरोबर कंबरही दुरुस्तीला जाईल. आणि सँडल घालून जाऊ नका. घोटा झाकणारे बूट, नाड्या आत खोचलेल्या. ती नडगी मला तेवढ्यासाठीच आठवते आहे.

आता स्कूटरचं. 'पुरुष माणूस स्कूटरवर बरा दिसत नाही' हे वाक्य तुमचं आहे की गावाचं, हे एकदा तपासून बघा. मला वाटतं गावात यापूर्वीच निम्म्या पुरुषांनी स्कूटर घेतली असेल आणि तुम्हाला ती दिसली नसेल. पण कोणाला काय दिसतं हा मुद्दा सोडून दिला तरी तुमच्या त्या चार किलोमीटरसाठी गिअरच्या गाडीच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. स्कूटरची चाकं लहान, मोटारसायकलची मोठी. जांभ्याच्या उखडलेल्या रस्त्यावर, पावसाने खणलेल्या चरीत मोठं चाक सहज पार होतं तिथे लहान चाक आत बसतं. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ठेवलेली मोटारसायकल इंजिनच धरून ठेवतं. हळू चाललेल्या स्कूटरला ती पकड कमी, सगळा भार ब्रेकवर. (पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाटी उतरणारे कोकणात पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.) उलट बाजूही आहे. बाजारात हळू जायचं, दोन पिशव्या पायाशी ठेवायच्या, वाटेत दहा वेळा थांबायचं, तर स्कूटरसारखं सुख नाही. आणि जांभ्यावर शेवाळ धरलं की दोन्ही सारख्याच घसरतात.

तेव्हा गिअरचं शिका आणि लायसन्सही गिअरचंच काढा, असं माझं मत. त्यावर स्कूटर चालते, बिनगिअरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालत नाही. पुढे प्रत्यक्ष कोणती घ्यायची ते चार वर्षांनी ठरवा. घाई कसलीच नाही. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्यासाठी ३० दिवसांनंतर कधीही जाता येतं. गडबडीत एकतिसाव्या दिवशी आरटीओची तारीख घेऊन तिथे चाचणीत गाडीने आठचा आकडा काढताना पाय टेकवलात, तर परत पनवेल गाडी पकडाल म्हणून सांगते. एक गंमत मात्र तुमच्या वयाला लागू आहे: पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान लायसन्स निघालं तर ते वयाच्या साठीपर्यंतच चालतं, मग पाच-पाच वर्षांनी नवं. म्हणजे गावी गेल्यावर दोन वर्षांत डॉक्टरचा दाखला घेऊन पुन्हा रांगेत. ते ध्यानात ठेवा.

मुलगी म्हणते मी शिकवते. गोड आहे, पण नको. तिच्याकडेही गिअरच्या गाडीचं लर्निंगच असणार, आणि लर्निंगवाल्याने लर्निंगवाल्याला शिकवणं कायद्यात बसत नाही. लर्निंगवर पक्कं लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही डबल सीट घेता येत नाही, आणि 'एल'ची पाटी दोघांनाही लागते. शिवाय बाप-लेकीचं एक असतं, तुम्ही तिला सायकल शिकवताना जो आवाज लावला होतात तोच ती तुम्हाला लावणार. तिला पार्किंगमधल्या त्या "थांबा" खेळापुरतं ठेवा. मैदानानंतरचा सराव ऑफिसातल्या एखाद्या पक्क्या लायसन्सच्या, थंड डोक्याच्या माणसाबरोबर रविवारी सकाळी रबाळे-महापे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर करा. रविवारी तिथे वर्दळ कमी असते, उभ्या ट्रकांच्या आडून येणाऱ्या माणसांकडे आणि कुत्र्यांकडे तेवढं लक्ष. ठाणे-बेलापूर रस्ता, पाम बीच रोड सध्या विसरून जा. रुंद आणि गुळगुळीत रस्ता नवशिक्याला सोपा वाटतो, पण तिथे मागून येणारा ऐंशीने येतो.

'रात्री-अपरात्री दवाखाना' हे कारण पत्रात तीनदा आलंय. तुम्हाला वाटतं मोटारसायकल आली की ही काळजी मिटली. मला उलट वाटतं. छातीत दुखणारा किंवा चक्कर आलेला माणूस मागे बसवून, अंधारात, चार किलोमीटर उखडलेल्या रस्त्यावर, दोन-चार वर्षांपूर्वी गाडी शिकलेल्या साठीच्या माणसाने न्यायचं? मागचा माणूस धरूच शकला नाही तर? त्या वेळेला १०८ ला फोन लावायचा आणि फाट्यावर रिक्षा किंवा जीप असलेल्या दोघा-तिघांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवायचे. ते काम या गणपतीत गावी जाल तेव्हाच करून या. गाडी लागणार आहे ती मंगळवारच्या बाजारासाठी, रेशनसाठी, एसटी चुकली म्हणून. ही कारणं लहान आहेत, पण खरी आहेत, आणि त्यांच्यासाठी शिकायला काहीच हरकत नाही.

आणि या सगळ्यात डबल सीट कोण बसणार? चार पानांत वहिनी दोनदाच येतात. एकदा 'पत्नीला घेऊन गावी राहायचं ठरवलंय' आणि एकदा 'नडगी दाखवलेली नाही'. गावी राहायचं कोणी ठरवलं, तुम्ही की दोघांनी, हे पत्रावरून मला कळलं नाही. गाडीच्या मागे कायम त्याच असणार. साडी नेसून, एका बाजूला पाय टाकून, मांडीवर पिशवी घेऊन. तसं बसलेलं माणूस मागे असलं की गाडीचा तोल वेगळा होतो, आणि तो तुमच्या अंगवळणी पडेपर्यंत धडधड त्यांची होणार. त्यांना हे मान्य आहे का? दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची, त्यासाठी सलवार घालायची त्यांची तयारी आहे का? गाडीला मागच्या चाकावरचं साडी गार्ड आणि धरायला कडी हवीच, नियमानेही हवी. भावाच्या गाडीचं गार्ड कोणी हौसेने काढून टाकलेलं नाही ना, बघा. मागच्यालाही हेल्मेट, आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं. वाडीतल्या वाडीत कोण बघतंय, म्हणू नका, दगड बघत नाही.

आणखी एक विचारा. त्यांना स्वतःला शिकायचंय का? मला इतकी पत्रं येतात त्यावरून सांगते, पन्नाशीच्या बायकांना हे कोणी विचारलेलंच नसतं. कदाचित त्या 'नको बाई' म्हणतील. कदाचित त्यांनाच ती स्कूटर हवी असेल जी तुम्हाला शोभत नाही. तुम्ही क्लासची लपवाछपवी करून हा प्रश्न विचारायची जागाच बंद करून ठेवली आहे. तेव्हा आज रात्री नडगी दाखवा. ऑडिटचंही सांगून टाका. त्यांना तसंही कळलेलं असणार. रविवारी ऑडिटला निघालेला माणूस परत येताना डबा न उघडता आणतो का कधी?

भावाच्या गाडीचं थोडक्यात. २००९ ची म्हणजे आरसीची १५ वर्षं २०२४ मध्येच संपली. पुन्हा नोंदणी करून घेतलेली नसेल तर ती रस्त्यावर काढता येत नाही, आणि विमा-पीयूसीही बघावा लागेल. कागद झाले तरी पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर वरून चांगले दिसतात आणि कडेने तडकलेले असतात, ते बदलल्याशिवाय बसू नका. गिअर कसे पडतात तेही पाहून या. काही गाड्यांना सगळे गिअर पंजाने पुढे दाबून पडतात, काहींना पहिला खाली आणि बाकीचे वर. क्लासातली एका जातीची आणि गावची दुसऱ्या जातीची निघाली तर चढावर नको तो गिअर पडेल. आधी कळलं तर क्लासात त्याच जातीची गाडी मागता येते.

त्या व्हिडिओचं. तो पुसायला सांगू नका. मुलीबरोबर बसून एकदा बघा, हळू करून. पडण्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद तेवढे बघा: हेल्मेट कुठे वळलेलं आहे, उजवं मनगट कुठे आहे, ब्रेकवर किती बोटं आहेत. मी वर जे अंदाजाने लिहिलंय ते बरोबर आहे की चूक, तिथे दिसेल. चूक निघालं तर मला कळवा. आणि या रविवारी तिला पुन्हा व्हिडिओ काढायला सांगा, पण मागून नको. समोरून, थोडं लांब उभं राहून. हेल्मेटची काच वर असू द्या, तुमचे डोळे दिसायला हवेत.